दाढेतले सिमेंट

आमच्या व्याख्यानाचा विषय कार्यक्रमपत्रिकेत छापून आला तेव्हा पुष्कळांनी आम्हांस वाटेत गाठून विचारले, "भाऊ, यंदा मजुरीवाढ सोडून दाढ कोठून काढलीत?" प्रश्न रास्त होता. ज्या माणसाने तीस वर्षे यंत्रमाग कामगारांच्या सभांत मीटरमागे किती पैसे मिळावेत याखेरीज दुसरे काही बोलले नाही, त्याने दंतवैद्यकावर बोलावे हे जरा विचित्रच आहे. शिवाय आमची शाळा नववीत सुटली. पुढचे जे काही शिक्षण झाले ते वाचनालयाच्या बाकावर, आणि कामगार कचेरीत तारखेची वाट पाहत बसलो असताना. तेव्हा येथे जे सांगणार आहोत ते तज्ज्ञाचे नव्हे, रोग्याचे आहे. मात्र रोग्याने ते विचारून, वाचून आणि ताडून घेतलेले आहे.

२०१९ साली आमच्या खालच्या जबड्यातली डावीकडची पहिली मोठी दाढ किडली. एका दंतवैद्यांनी तिची नस काढून, आत भरण करून, वर टोपी बसविली. काम झाले, पैसे दिले, आम्ही विसरून गेलो. २०२३ च्या दिवाळीनंतर त्याच दाढेखाली हिरडीवर बारीकशी पुळी दिसू लागली. दुखणे फारसे नव्हते. पुळी फुटे, बसे, आठपंधरा दिवसांनी पुन्हा येई. शेवटी दुसऱ्या एका दवाखान्यात गेलो. तेथल्या डॉक्टरीणबाई वयाने आमच्या मुलीएवढ्या होत्या. त्यांनी क्ष-किरणाचे चित्र काढले, उजेडासमोर नव्हे, आता ते संगणकाच्या पडद्यावरच दिसते, आणि विचारले, "काका, आत काय भरले आहे, ठाऊक आहे का?"

आम्ही म्हणालो, "भरतात ते. सिमेंट."

हे उत्तर आम्ही अडाणीपणाने दिले होते. पण बाई हसल्या नाहीत. त्या म्हणाल्या, "खरोखरच सिमेंट असेल, तर काम अवघड आहे. पहिल्या डॉक्टरांनी काही लिहून दिले असेल तर घेऊन या." आम्ही पहिल्या दवाखान्यात गेलो. तेथे रकमेची पावती सापडली. आत काय भरले याची नोंद कोठेच नव्हती.

हे प्रकरण समजण्यासाठी दाढेच्या पोटात एकदा डोकावून पाहिले पाहिजे. दात बाहेरून दगडासारखा दिसला तरी आत पोकळ असतो. त्या पोकळीत मऊ मगज असतो. त्यात रक्तवाहिन्या आणि मज्जातंतू असतात. बोलीभाषेत आपण या सगळ्याला 'नस' म्हणतो. ही पोकळी मुळांमध्ये उतरताना अगदी अरुंद नळ्यांची होते. खालच्या पहिल्या मोठ्या दाढेला साधारणपणे दोन मुळे असतात आणि नळ्या तीन, कधी चार. वरच्या पहिल्या दाढेत पुढच्या मुळात एक जादा नळी वारंवार सापडते, आणि ती इतकी बारीक असते की पुष्कळदा नजरेतून निसटते. दाढेची लांबी सारी वीसबावीस मिलिमीटर; मुळाच्या टोकाशी नळीची रुंदी मिलिमीटरच्या तिसऱ्याचौथ्या हिश्श्याएवढी. त्यातही नळी सरळ नसते, वाकलेली असते. सुताच्या जाडीच्या वाकड्या बोगद्यात, तोही माणसाच्या तोंडात, काम करावयाचे असते हे लक्षात घेतले म्हणजे दंतवैद्याच्या फीबद्दल कुरकुर करताना आपला आवाज थोडा उतरतो.

कीड मगजापर्यंत पोहोचली म्हणजे तो सडतो, आणि जंतू मुळाच्या टोकातून हाडात उतरू पाहतात. उपचार असा की वरून भोक पाडून मगज काढावयाचा, कानशीसारख्या बारीक सुयांनी नळी घासून रुंद करावयाची, आणि औषधी द्रावाने पुन्हापुन्हा धुवावयाची. हा द्राव कोणता, हे आमच्या कामगारांना सांगितले की त्यांना गंमत वाटते. प्रोसेस हाऊसमध्ये कापड पांढरे करावयास जे हायपोक्लोराइट वापरतात, त्याचाच हा सौम्य अवतार. नळी स्वच्छ झाली की ती भरून बंद करावयाची, म्हणजे जंतूंना राहावयास जागा उरत नाही. आमचा आजचा विषय हे भरण आहे.

भरणाचे दोन भाग असतात. एक काडी आणि दुसरा तिच्याभोवतीचा लेप. काडी गटापर्चाची असते. गटापर्चा हा मलायाच्या जंगलातल्या एका झाडाचा चीक. तेथले लोक त्याच्या कोयत्याच्या मुठी करीत. कंपनी सरकारच्या नोकरीतले शस्त्रवैद्य विल्यम माँटगोमेरी यांनी १८४३ च्या सुमारास त्याच्याकडे लंडनचे लक्ष वेधले. पुढे समुद्राच्या तळातून तारायंत्राच्या तारा नेल्या, त्यांच्यावर याच चिकाचे आवरण होते, आणि त्या हव्यासापायी झाडांची सरसहा कत्तल झाली. आज दाढेत जी काडी बसते तिच्यात चीक सुमारे पाचवा हिस्साच असतो. बाकी बहुतेक जस्ताची पांढरी पूड. या काडीचा मोठा गुण असा की ती उष्णतेने मऊ होते, आणि क्लोरोफॉर्म किंवा निलगिरी तेलासारख्या द्रवांत विरघळते. म्हणजे ती पुन्हा काढता येते. हा गुण ध्यानात ठेवावा.

काडी आणि नळीची भिंत यांच्यामध्ये फट राहते, ती लेपाने भरतात. जुने लेप जस्ताची पूड आणि लवंगेच्या तेलातले सत्त्व यांचे होते. नंतर राळेच्या जातीचे आले आणि अजूनही चांगले चालतात. गेल्या पंधरावीस वर्षांत मात्र तिसरी एक जात पुढे आली. तिला बायोसिरॅमिक म्हणतात. शब्द भारदस्त आहे. फोड करून सांगावयाची तर 'जिवंत शरीराशी सख्य ठेवणारी चिनी माती' असा काहीसा अर्थ होईल. पण मुळात ते सिमेंटच होय, आणि आमचे अडाणी उत्तर बरोबर निघाले ते यामुळे.

इंग्लंडातल्या जोसेफ अ‍ॅस्पडिन नावाच्या गवंड्याने १८२४ साली पोर्टलंड सिमेंटचे पेटंट घेतले. त्यानंतर दीडशेहून अधिक वर्षांनी, अमेरिकेत कॅलिफोर्नियातल्या लोमा लिंडा विद्यापीठात महमूद तोराबिनेजाद या इराणी वंशाच्या दंतवैद्यांनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी याच सिमेंटच्या शुद्ध रूपात क्ष-किरणात दिसावे म्हणून बिस्मथची पूड मिसळली, आणि चुकून भोक पडलेली मुळे बुजविण्यासाठी ते वापरून पाहिले. १९९३ साली त्याची पहिली माहिती प्रसिद्ध झाली. त्याला एम. टी. ए. असे नाव पडले. गवंड्याच्या पोत्यातली वस्तू दवाखान्यात गेली ती अशी. याचा अर्थ बांधकामावरचे पोते फोडून दाढेत भरतात असा कोणी घेऊ नये. औषधी सिमेंट शुद्ध करून, अत्यंत बारीक दळून, जंतुरहित केलेले असते. पुढे त्याच कुळातला पातळ लेप तयार झाला. तो पिचकारीतून तयारच मिळतो, कालवावा लागत नाही.

आता सिमेंट कसे धरते हे आपल्या गावात कोणाला शिकवावयास नको. स्लॅब टाकला की त्यावर पाणी मारावे लागते. सिमेंट वाळून घट्ट होत नाही, ते पाणी पिऊन घट्ट होते. दाढेतही तेच. दाताच्या भिंतीत एका चौरस मिलिमीटरात हजारो सूक्ष्म नलिका असतात आणि त्यांत ओलावा असतो. तो ओलावा घेऊन लेप काही तासांत धरू लागतो. धरताना त्यातून चुना सुटतो, आपण विड्याच्या पानाला लावतो तोच भिजलेला चुना. चुन्याचा कडक क्षार जंतूंना सोसत नाही. शिवाय शरीरातल्या द्रवांशी संयोग होऊन हाडात व दातात असते त्याच जातीचे खनिज त्याच्या पृष्ठभागावर जमते. लेप आकसत नाही, थोडासा मुळाबाहेर गेला तरी हाड त्याला सहसा परका मानीत नाही. इतके गुण एका वस्तूत क्वचितच असतात. दंतवैद्य त्यावर खूश आहेत ते उगाच नव्हे.

परंतु हे सर्व गुण एका गृहीतावर उभे आहेत: ही नळी पुन्हा उघडावी लागणार नाही.

उपचार फसतात, आणि त्याला बहुधा लेप कारण नसतो. एखादी नळी सापडलेलीच नसते. कोपऱ्यात जंतू राहून जातात; त्यांतली एन्टेरोकॉकस फीकॅलिस नावाची एक चिवट जात फसलेल्या दाढांत पुष्कळदा आढळते. किंवा वरची टोपी सैल होऊन लाळ झिरपते. आमच्या दाढेत हाच प्रकार होता. टोपीच्या मागच्या कडेला फट पडली होती. घराचा पाया उत्तम, पण छपराला भोक. अशा वेळी जुने भरण काढून, नळी पुन्हा धुऊन, पुन्हा भरावी लागते.

येथे जुन्या आणि नव्या लेपांतला फरक उघडा पडतो. गटापर्चाची काडी असली की तिला गरम सुईने किंवा द्रवाच्या थेंबाने मऊ करून फिरत्या कानशीने बाहेर ओढता येते. राळेचा लेप क्लोरोफॉर्मने काही प्रमाणात नरमतो. धरलेल्या सिमेंटवर मात्र यांतले काहीच चालत नाही. त्याला विरघळविणारा, आणि तरीही दाताला व हाडाला धक्का न लावणारा असा भरवशाचा द्रव अजून दवाखान्यात आलेला नाही. प्रयोगशाळेत फॉर्मिक आम्ल वगैरे लावून पाहिले आहे. पण जे सिमेंट खाते ते दातही खाणार, कारण दोघांचे घटक एकमेकांच्या फार जवळचे. तेव्हा उरतो तो यांत्रिक उपाय. अतिध्वनीने थरथरणारी बारीक टोके लावून लेप फोडावयाचा आणि सूक्ष्मदर्शकातून पाहत पुढे सरकावयाचे. त्यातही अडचण अशी की धरलेला लेप पांढरा आणि दाताची भिंतही पांढरटच. कठीण लेपावर आपटलेली सुई जिकडे मऊ लागेल तिकडे वळते, आणि मऊ लागतो तो दात. मग सुई नळी सोडून भिंतीत शिरते, पायरी पडते, क्वचित मूळच आरपार फुटते.

सारांश असा की काडी हीच परतीची वाट. काडी मुळाच्या टोकापर्यंत गेलेली असेल, तर तिच्याभोवती लेपाचा पातळ पापुद्रा असतो. काडी निघाली की वाट मोकळी होते आणि पापुद्रा फोडता येतो. काडी आखूड पडली आणि पुढची जागा नुसत्या लेपाने भरली असेल, तर तेथे सिमेंटची भरीव मेख ठोकल्यासारखे होते. ही गोष्ट तपासून पाहिलेली आहे. २०११ साली 'जर्नल ऑफ एन्डोडॉन्टिक्स' या नियतकालिकात एक प्रयोग आला होता. काढलेल्या दाढांच्या नळ्या अशा लेपाने भरून पुन्हा उघडण्याचा प्रयत्न केला होता. काडी पूर्ण लांबीपर्यंत होती तेथे शेकडा २० ठिकाणी मुळाचे तोंड पुन्हा मोकळे झाले नाही. काडी मुद्दाम २ मिलिमीटर आखूड ठेवली होती तेथे शेकडा ७० ठिकाणी झाले नाही. नमुने थोडे होते, आणि नंतरच्या काही प्रयोगांत, विशेषतः सरळ नळ्यांत, यापेक्षा बरेच चांगले यश आलेले आहे. म्हणून एका प्रयोगावरून डांगोरा पिटण्याचे कारण नाही. हेही सांगितले पाहिजे की कोणताही लेप भिंतीवरून शंभर टक्के निघत नाही, जुनेही नाहीत. पण दोन मिलिमीटरांनी केवढा फरक पडतो ते या आकड्यांवरून दिसते.

आम्हांला हे वाचताना आमचाच धंदा आठवला. मालकाशी करार करताना तरुण कार्यकर्त्याचे सारे लक्ष दरावर असते. करार किती मुदतीचा, आणि मध्ये सूत महागले तर तो कोणत्या कलमाने पुन्हा उघडता येईल, हे कलम तो घाईत सोडून देतो. आम्हीही एकदा सोडले होते. तीन वर्षे शिव्या खाल्ल्या. असो.

आमच्या दाढेचे काम चार बैठकांत झाले. पहिली बैठक टोपी कापण्यात गेली. मागच्या मुळातली काडी टोकापर्यंत होती. ती दुसऱ्या बैठकीत अर्ध्या तासात निघाली आणि नळी मोकळी झाली. पुढच्या मुळातल्या दोन नळ्यांपैकी आतल्या बाजूची चांगली भांडली, पण तिसऱ्या बैठकीच्या शेवटी सुई टोकाला पोहोचली. गालाकडच्या नळीत काडी सुमारे अडीच मिलिमीटर आखूड होती. तिच्यापुढे नुसते सिमेंट. बाईंनी सूक्ष्मदर्शकाला डोळा लावून पाऊण तास खटपट केली. आमचा जबडा आखडला, त्यांची मान आखडली. मग त्यांनी हत्यार खाली ठेवले आणि म्हणाल्या, "काका, यापुढे गेले तर मूळ फुटेल. मी येथे थांबते."

हे वाक्य आम्हांला फार मोलाचे वाटले. हत्यार हातात असताना आणि रोगी गप्प पडलेला असताना थांबणे सोपे नसते. त्यांनी दोन नळ्या पुरत्या धुऊन भरल्या, तिसरी जेवढी उघडली तेवढी धुतली, आणि पुढचे मार्ग उघडपणे सांगितले. पुळी गेली आणि हाड भरून आले तर काहीच करावयाचे नाही. न आले तर हिरडी उघडून मुळाचे टोक छाटावयाचे आणि तेथून तोंड बंद करावयाचे. आणि ते बंद करावयाचे कशाने? तर याच कुळातल्या सिमेंटने! आम्ही हसलो, तोंडात कापूस असताना जेवढे हसता येते तेवढे. म्हणजे वैर सिमेंटशी नाहीच. तेही न साधले, तर दाढ काढणे.

आता या सगळ्याचा आमच्या माणसांशी काय संबंध, ते सांगितले पाहिजे. यंत्रमाग कामगाराची मजुरी कापडावर असते. माग थांबला की मजुरी थांबली. दवाखान्याची एक बैठक म्हणजे निदान अर्धा खाडा. चार बैठकांचे दोन खाडे, शिवाय फी. दाढ उपटावयास एक बैठक पुरते. म्हणून आमच्या वस्तीत चाळिशीच्या माणसाच्या तोंडात दाढांपेक्षा खड्डे अधिक दिसतात. त्याला लोक अज्ञान म्हणतात. आम्हांस ते अज्ञान वाटत नाही. तो हिशेब आहे आणि त्याच्या खिशाच्या मानाने तो बरोबर आहे. पण ज्याने एकदा खाडे सोसून, उसनवारी करून दाढ वाचविली, त्याच्यावर चार वर्षांनी तेच काम पुन्हा करण्याची पाळी आली आणि आत काय आहे हेच कोणाला ठाऊक नसले, तर दुसऱ्या वेळी तो उपटूनच टाकतो. पहिले पैसे पाण्यात गेले आणि दाढही गेली.

यावर उपाय अगदी स्वस्त आहे. दाढ भरून झाली की दंतवैद्यांकडून एक चिठ्ठी मागून घ्यावी. तीत दाढ कोणती, नळ्या किती सापडल्या, प्रत्येकीची लांबी किती, काडी कोठपर्यंत गेली, लेप कोणत्या जातीचा, आणि तारीख एवढे असले म्हणजे झाले. भरण झाल्यावरच्या क्ष-किरण चित्राची प्रत सोबत असावी. आता ती दवाखान्यातून भ्रमणध्वनीवर क्षणात येते. क्ष-किरणात काडी आणि लेप दोन्ही पांढरेच दिसतात, म्हणून नुसत्या चित्रावर भागत नाही. लेपाची जात चिठ्ठीतच लिहिलेली हवी. आपल्या उपचाराच्या नोंदी मागणे हा रोग्याचा हक्क आहे, आणि चांगला दंतवैद्य त्याचा राग मानीत नाही. काहींना सुरुवातीस नवल वाटते. आमच्या युनियनच्या कचेरीत आम्ही आता पगाराच्या चिठ्ठ्यांच्या फायलीशेजारी या चिठ्ठ्यांसाठीही एक फाईल ठेवली आहे, कारण कामगाराच्या खोलीत कागद टिकत नाही. पावसाळ्यात भिजतो, किंवा मूल त्याची होडी करते. फायलीत आजवर अकरा चिठ्ठ्या जमल्या आहेत.

अकरांतली एक आमची. तीत बाईंच्या अक्षरात लिहिले आहे: दाढ ३६, नळ्या तीन, मागची व पुढची आतली पूर्ण लांबीपर्यंत, काडी व बायोसिरॅमिक लेप, पुढची गालाकडची टोकाच्या अडीच मिलिमीटर अलीकडे बंद, जुने सिमेंट आत आहे, जोर करू नये. पुळी गेली आहे. वर्षानंतर काढलेल्या चित्रात मुळाखालची काळी सावली निम्म्याहून लहान झालेली दिसली. असे हाड भरावयास कधीकधी चार वर्षेही लागतात असे त्या सांगतात, म्हणून पुढच्या चित्राची तारीखही चिठ्ठीच्या पाठीवर पेन्सिलीने लिहून ठेवली आहे.